बाळाच्या तोंडात पांढरे दाणे दिसले तर काय करावं?

बाळ जांभई देतं आणि टाळूच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसतो. दात आला की पू झाला? बहुतेक वेळा दोन्ही नाही. असे दाणे निम्म्याहून अधिक नवजात बाळांत असतात.

१. आधी नीट बघा. हात धुवा, बाळाला उजेडाकडे तोंड करून मांडीवर घ्या. रडताना तोंड आपोआप उघडतं, तेवढ्यात बघून घ्यावं. जबडा ताणू नका.

२. जागा ओळखा. टाळूच्या (तोंडातल्या, डोक्यावरच्या नव्हे!) मध्यरेषेवर असतील तर ते एपस्टाइनचे मोती. गर्भात टाळूचे दोन भाग दोन्हीकडून येऊन मध्ये जुळतात. त्या सांध्यात आवरणाच्या काही पेशी अडकतात आणि केराटिन, म्हणजे नखांत असतं तेच प्रथिन, साठत जातं. म्हणून दाणा पांढरा आणि टणक. हिरडीच्या गालाकडच्या किंवा जिभेकडच्या बाजूला असतात त्या बोनच्या गाठी. हिरडीच्या अगदी माथ्यावर असतील तर दात घडवणाऱ्या पेशींचे ते उरलेले अवशेष. नावं विसरलात तरी चालेल, कारण तिन्हींवर उपचार एकच: काहीही न करणं.

३. ओल्या मऊ कापडाने हलकेच पुसून पाहा. दूध असेल तर निघून जातं. जिभेवर, गालांच्या आत पसरलेला पांढरा थर सहज निघत नसेल किंवा खाली लालसर दिसत असेल, तर बुरशीची शंका घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. दाणा मात्र जागचा हलत नाही. खालच्या हिरडीत पुढे काही कडक, हलणारं लागलं तर तो जन्मतःच आलेला दात असू शकतो. तोही दाखवायलाच हवा.

४. हात आवरा. हे सगळ्यात अवघड. दाबणं, नखाने खरवडणं, सुई टोचणं, हिरडी बधिर करणारी जेल लावणं, यातलं काहीही नको. दाणे दुखत नाहीत, दूध पिण्याच्या आड येत नाहीत. बाळ दूध ओढत नसेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. दाणे काही आठवड्यांत, साधारण तीन महिन्यांच्या आत, आपोआप फुटून जिरतात.

५. डॉक्टरांकडे कधी? गाठ वाढतेय, निळसर आहे, रक्त येतंय किंवा तीन महिन्यांनंतरही तशीच आहे, तर. जिभेखाली फुगा असून श्वासाला किंवा गिळायला त्रास होत असेल, किंवा बाळाला ताप असेल, तर लगेच.

जाताना मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. तपासणीच्या वेळी बाळ नेमकं तोंड मिटून बसतं.