ओएसच्या लॅबमध्ये गिट आणताय? मग टेस्टच्या हिरव्या रंगाला भुलू नका

यंदा ओएसचं (ऑपरेटिंग सिस्टिमचं) प्रॅक्टिकल पहिल्यांदाच गळ्यात पडलेल्या सांगली-मिरजेकडच्या नव्या सर-मॅडमसाठी हे लिहितोय. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल), टेस्ट, कोड रिव्ह्यू (एकमेकांचा कोड तपासणं) वेगळ्या विषयात शिकवायचं आणि ओएसमध्ये नुसती राउंड रॉबिनची (सीपीयूचा वेळ आळीपाळीने वाटण्याची) गणितं सोडवून घ्यायची, ही वाटणी मला मुळीच पटत नाही. एमआयटीचं एक्सव्ही6 (शिकवण्यासाठी बनवलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) घ्या. कर्नल (सिस्टिमचा गाभा) छोटा, क्यूएमूवर (सॉफ्टवेअरमध्येच कॉम्प्युटर उभा करणाऱ्या प्रोग्रामवर) चालतो, लॅबमधल्या जुनाट मशीनवरही तग धरतो.

गिटची सवय आपोआप लागते, त्याची काळजी नको. शेवटच्या रात्री 'फायनल' नावाचा एकच कमिट (गिटमधली बदलांची नोंद) आला तर मार्क कापणार, एवढं पहिल्या दिवशी सांगा आणि खरोखर कापा.

खरा खड्डा टेस्टचा. "सर, सगळ्या पास!" म्हणत पोरं येतात आणि आपण सही ठोकतो. उदाहरणार्थ केफ्री, म्हणजे मेमरीचं पेज परत करणारं फंक्शन. त्यातलं काम दोन ओळींचं: सोडलेल्या पेजचा नेक्स्ट (यादीतल्या पुढच्या पेजकडे बोट दाखवणारा पॉइंटर) सध्याच्या फ्रीलिस्टला (मोकळ्या पेजेसच्या यादीला) जोडायचा, मग फ्रीलिस्ट त्या पेजकडे वळवायची. लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) नसताना दोन सीपीयूंनी एकदमच जुनी फ्रीलिस्ट वाचली, तर नंतर लिहिणारा आधीच्याचं पुसतो आणि एक पेज कायमचं गायब. केअलॉकमध्ये (मोकळं पेज देणाऱ्या फंक्शनमध्ये) तर एकच पेज दोघांच्या हाती पडतं! पण हाच कोड एका सीपीयूवर चालवा. टायमर इंटरप्ट (चालू काम ठराविक वेळाने मध्येच थांबवणारा इशारा) नेमका त्या दोन ओळींच्या फटीत आला तरच घोळ दिसणार, एरवी सगळं हिरवंगार. एक्सव्ही6च्या मूळ मेकफाईलमध्ये (कोड कसा बांधायचा-चालवायचा ते सांगणाऱ्या फाईलमध्ये) सीपीयू 3 असतात. डीबगिंग सोपं जावं म्हणून कुणीतरी 1 करतं आणि ते तसंच राहतं. आम्हाला यानेच जवळपास अख्खं सेमिस्टर नाचवलं. म्हणून सीआयमधला (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेतला) तो आकडा स्वतः उघडून बघा. आणि 3 वर एकदा पास झालं तरी हुरळू नका, रात्रभर लूपमध्ये फिरवा.

रिव्ह्यूची गरज इथेच लागते. कोणत्या व्हेरिएबलला कोणतं लॉक राखतं, हे पार्टनरने मर्जआधी (बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी) लिहून द्यायचं. सुरुवातीला "छान आहे भावा" एवढंच येतं. येऊ द्या, दोन-तीन असाइनमेंटनंतर पोरं भांडायला लागतात.

एचओडी विचारतीलच, "सिलॅबसमध्ये कुठाय हे?" सिंक्रोनायझेशनचं युनिट दाखवा, वाद घालू नका.

सीनियरच्या पेन ड्राइव्हवर सबमिशन उरकणारे भेटणारच, तयार उत्तरं नेटवरही पडलेली असतात. ओरडण्यात अर्थ नाही. मी त्यांना तोच कोड एक अक्वायर-रिलीजची (लॉक घेण्या-सोडण्याची) जोडी उडवून परत देतो आणि व्हायवात विचारतो, यात काय बिघडलंय?