सकाळची पहिली घटका आणि ‘मी’चा भार: यहुदी गूढसाधनेतील काही पद्धती

जाग आल्यावर मनात प्रथम जे उमटते ते बहुधा काल कोणी केलेला अपमान, आज उरकायचे काम किंवा डोक्यावरचे देणे असते, आणि या तिन्हींच्या मध्यभागी ‘मी’ बसलेला असतो. यहुदी गूढसाधकांनी दिवसाच्या या कोवळ्या वेळेकडे फार बारकाईने पाहिले आहे. अठराव्या शतकात युक्रेन आणि पोलंडच्या भागात बाल शेम तोव (मृत्यू १७६०) यांच्यापासून जो हसिदी भक्तिपंथ वाढला, त्यात अहंभाव विरघळवण्याला ‘बित्तुल’ म्हणतात. मात्र बित्तुल म्हणजे स्वतःला तुच्छ लेखणे, असा समज करून घेतला तर साधना पहिल्याच आठवड्यात उदासपणाकडे वळते. सकाळच्या विधींचा क्रम हेच सांगतो: आधी कृतज्ञता, मग आपला आत्मा निर्मळ असल्याची जाणीव, आणि त्यानंतर आपण लहान असल्याचा स्वीकार. हा क्रम उलटा करू नये.

आपल्याकडे कोकणातील बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आला आहे आणि त्याने बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही रचली. परंतु येथे सांगितलेल्या पद्धतींपैकी बहुतेक गालीलमधील सफेद हे नगर आणि पूर्व युरोप येथे आकाराला आल्या आहेत. सांगलीच्या वाचकाला त्यांत नामस्मरणाची आठवण होईल. ती येऊ द्यावी, पण दोन्ही एकच आहेत असे घाईने ठरवू नये, कारण या साधनेचा पाया मानवाशी बोलणाऱ्या आणि त्याचे बोलणे ऐकणाऱ्या एका ईश्वरावरील श्रद्धा हा आहे. यहुदी लोक ईश्वराचे चार अक्षरी नाव उच्चारत नाहीत, हा संकेत बाहेरून येणाऱ्यानेही पाळावा.

तयारी रात्रीच करावी. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि बिछान्याजवळ परातीत पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा. धार्मिक यहुदी घरांत असे पाणी उशाशी ठेवण्याची रीत आजही आहे. जाग येताच उठून बसावे आणि पाय जमिनीवर टेकवण्यापूर्वी ‘मोदे अनी’ ही प्रार्थना म्हणावी. स्त्रिया ‘मोदा अनी’ म्हणतात. सफेदचे मोशे बेन माखीर यांच्या १५९९ साली छापलेल्या ग्रंथात ती आढळते आणि मूळ हिब्रूत तिचे केवळ १२ शब्द आहेत. मराठीत तिचा आशय असा: हे जिवंत आणि शाश्वत राजा, तू करुणेने माझा आत्मा मला परत दिलास म्हणून मी तुझे आभार मानतो, तुझी निष्ठा थोर आहे. तिच्यात ईश्वराचे नाव नसल्यामुळे हात धुण्यापूर्वीच ती म्हणता येते. शेवटच्या दोन शब्दांपूर्वी किंचित थांबण्याचा प्रघात आहे. त्या थांबण्यात एक श्वास सावकाश सोडावा. रात्रभर हा देह आपण चालवला नव्हता, एवढी साधी गोष्ट ध्यानात आली तरी या पायरीचे काम झाले.

त्यानंतर हात धुवावेत. तांब्या उजव्या हाताने उचलून डाव्या हातात द्यावा, पहिले पाणी उजव्या हातावर आणि दुसरे डाव्या हातावर मनगटापर्यंत ओतावे, आणि असे आलटून पालटून प्रत्येक हातावर तीन वेळा करावे. येथे विशेष चिंतनाची गरज नाही. क्रम लक्षात ठेवण्यातच मन गुंतते, आणि तेवढे पुरेसे आहे.

मग पाठ ताठ ठेवून बसावे आणि ताल्मुद या प्राचीन यहुदी धर्मग्रंथातील ‘एलोहाय नेशामा’ हे वचन आठवावे: माझ्या ईश्वरा, तू माझ्यात ठेवलेला आत्मा निर्मळ आहे, तूच तो निर्माण केलास, तूच तो घडवलास, तूच तो माझ्यात फुंकलास. श्वास आत घेताना त्या फुंकण्याचे स्मरण करावे आणि बाहेर सोडताना खांदे, जबडा व पोट सैल करावे. श्वासाची ही जोड आपल्या सोयीसाठी आहे, वचनाचा तो मूळ भाग नव्हे. पुढे या वचनात हा आत्मा एक दिवस परत घेतला जाईल असेही म्हटले आहे, आणि तो भाग गाळण्याचा मोह टाळावा, कारण जे आपल्याकडे ठेव म्हणून आहे त्याचा गर्व करता येत नाही.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असून तिला घाई चालत नाही. मिश्ना या ताल्मुदाच्या गाभ्याच्या ग्रंथातील बराखोत या भागात सांगितले आहे की पूर्वीचे भक्त आपले हृदय ईश्वराकडे वळवण्यासाठी प्रार्थनेपूर्वी तासभर थांबत असत. या थांबण्यात नेमके काय करावे याचे नेटके उत्तर वॉर्साजवळच्या पियासेच्नो गावचे रब्बी (यहुदी धर्मगुरू) कलोनिमस काल्मन शपिरा (१८८९–१९४३) यांनी दिले. त्यांच्या पद्धतीला ‘हशकाता’ म्हणजे शांतवणे असे म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की माणसाचा ‘मी’ आणि त्याच्या विचारांची अखंड ये-जा हाच वरून येणाऱ्या प्रवाहातला अडसर असतो; झोपेत ही ये-जा मंदावते, म्हणूनच ताल्मुद स्वप्नाला द्रष्टेपणाचा साठावा अंश मानतो; तेव्हा जागेपणीच विचार शांत करता आले पाहिजेत. त्यासाठी विचारांशी भांडायचे नाही. काही मिनिटे ठरवून केवळ पाहायचे की आत्ता मनात काय चालले आहे. पाहणारा जागा झाला की विचारांचा ओघ हळूहळू पातळ होतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी घड्याळाच्या लहान काट्याकडे बराच वेळ पाहत राहावे, असाही उपाय त्यांनी सुचवला होता, आणि नवशिक्याला तो अधिक सोपा वाटतो असे माझे मत आहे.

ओघ मंदावला की रिकामेपणातच रेंगाळायचे नसते, आणि इतर अनेक ध्यानपद्धतींहून हशकाता वेगळी ठरते ती येथे. त्या शांततेत एकच पवित्र वचन हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणायचे, जेणेकरून मन एका जागी बांधले जाईल, आणि मग ज्या गुणाची उणीव जाणवते तो मागायचा. ‘तुझा मार्ग मला शिकव’ ही स्तोत्रांतील ओळ शपिरा वापरत. शेवटी शब्दांवाचूनची एखादी संथ चाल गुणगुणावी; हसिदी लोक तिला ‘निगुन’ म्हणतात. हे सर्व शिकवणारा माणूस पुढे वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी यहुद्यांना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, अडकला, तेथेही प्रवचने देत राहिला, आणि १९४३ मध्ये नाझींच्या छावणीत मारला गेला. ही पद्धत सुखवस्तू माणसाचा सकाळचा विरंगुळा आहे असे कोणी म्हणू लागले, तर हे सांगावे.

तेराव्या शतकातील अब्राहम अबुलाफिया यांची हिब्रू अक्षरे फिरवण्याची, श्वास व मानेच्या हालचालींची पद्धतही प्रसिद्ध आहे, पण ती गुरूशिवाय करू नये आणि सकाळच्या विश्रांतीसाठी तर मुळीच नको.

मन स्थिर झाल्यावर ‘हितबोन्नुत’ म्हणजे एकाच कल्पनेचे दीर्घ चिंतन करता येते. लियादीचे श्नेउर झाल्मन (१७४५–१८१२) यांच्या शिकवणीनुसार सृष्टी एकदा घडून संपलेली नाही. ईश्वराचा शब्द तिला क्षणोक्षणी अस्तित्वात आणतो आणि तो काढून घेतला तर काहीच उरणार नाही. हे चिंतन हवेत ठेवू नये. खिडकीतून दिसणारे झाड, समोरची भिंत, शेजाऱ्याच्या घरातील भांड्यांचा आवाज आणि सर्वांत शेवटी स्वतःचा हात, अशा क्रमाने ते उतरवत यावे. ‘मी’ नाहीसा होत नाही, पण तो स्वयंभू नाही हे कळते.

हे चालू असताना मन खचू लागले तर चिंतन तेथेच थांबवावे. झाल्मन यांनी १७९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘तान्या’ या ग्रंथात म्हटले आहे की दोन मल्ल भिडले असता एक जण सुस्त असेल तर अंगात ताकद जास्त असूनही तो पडतो, आणि मनातील झुंजही उदासपणाने जिंकता येत नाही. तालमींच्या या सांगली जिल्ह्यात हा दृष्टान्त समजावून सांगावा लागणार नाही. स्वतःच्या चुकीबद्दल वाटणारी चुटपुट आणि निर्जीव खिन्नता यांतही ते भेद करतात: पहिलीत हालचाल असते, दुसरीत हृदय दगडासारखे जड होते. ही खिन्नता दिवसेंदिवस टिकत असेल तर साधना बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटावे.

तोल सांभाळण्यासाठी प्शिस्खाचे रब्बी सिम्खा बुनिम (मृत्यू १८२७) यांच्या नावाने सांगितला जाणारा उपाय फार उपयोगी आहे. दोन चिठ्ठ्या लिहून दोन खिशांत ठेवाव्यात: एकीवर ‘माझ्यासाठी हे जग निर्माण झाले’ आणि दुसरीवर ‘मी धूळ आणि राख आहे’. कार्यालयात कोणी पाणउतारा केला तर पहिली, आणि सत्कार झाला तर दुसरी वाचावी. आपण नेहमी नेमकी उलटी चिठ्ठी काढतो.

ज्यांच्याकडे आणखी अर्धा तास आहे त्यांनी ‘हितबोदेदुत’ करून पाहावे. ब्रेस्लोवचे रब्बी नाखमन (१७७२–१८१०) सांगत की माणसाने रोज एकांतात, शक्यतो शेतात किंवा रानात जाऊन, आपल्या रोजच्या बोलीत ईश्वराशी मोकळेपणाने बोलावे. म्हणजे येथे ते मराठीत, आणि सांगलीच्या मराठीतच व्हावे. कृष्णेचा घाट सकाळी गजबजलेला असतो. त्यापेक्षा हरिपूरच्या बाजूची शेते, किंवा मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावरची पायवाट अधिक बरी, मात्र पावसाळ्यात नदीकाठ टाळावा. मोठमोठे विषय काढू नयेत. हळदीचा पडलेला भाव, भावाशी बंद झालेले बोलणे, बढती मिळालेल्या सहकाऱ्याबद्दलची असूया, जे आहे ते सांगावे, आणि सांगताना आपण स्वतःची बाजू किती सजवतो हे ऐकू येऊ लागते. अहंकाराची पकड येथे जितकी सैल होते तितकी केवळ ध्यानात होत नाही, असे मला वाटते. शब्दच सुचले नाहीत तर, नाखमन म्हणतात, ‘विश्वाच्या स्वामी’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणावे, किंवा मला बोलता येत नाही हीच तक्रार मांडावी. अनेक दिवस तेवढेच जमले तरी जागा आणि वेळ बदलू नये.