हॉट रॉडचे जुने फोटो: साल लावताना आणि स्कॅन करताना या चुका टाळा

१९३२ची फोर्ड दिसली की फोटोखाली ‘१९३२’ लिहून मोकळं व्हायचं, ही या छंदातली सगळ्यात जुनी चूक. हॉट रॉड म्हणजे मुळातच स्वस्तात मिळालेली जुनी गाडी, तिच्यात दमदार इंजिन बसवलेलं. बॉडीवरून गाडीचं वय कळतं, फोटोचं नाही. फोटोचं साल लावायचं ते त्यात दिसणाऱ्या सगळ्यात नव्या वस्तूवरून.

बॉनेट काढलेलं असेल तर आधी इंजिन बघा. फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ला व्हॉल्व्ह कव्हर नसतात, हेड सपाट असतं. एका बाजूला सिलिंडर चार, पण एक्झॉस्टची तोंडं तीनच, कारण मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच वाट दिलेली असते. स्पार्क प्लगच्या वायरी रुंद कव्हरच्या मधोमध आत शिरताना दिसल्या तर बहुतेक ते क्रायस्लरचं हेमी इंजिन. ते १९५१च्या मॉडेलबरोबर आलं. शेवरलेचा स्मॉल ब्लॉक व्ही-८ आला १९५५च्या मॉडेलबरोबर. १९३३ आणि १९३४च्या फोर्डमध्ये तर जाणकारही गोंधळतात. बॉनेटच्या प्रत्येक बाजूला एक हँडल आणि वक्र झरोके असतील तर १९३३, दोन हँडल आणि सरळ झरोके असतील तर १९३४.

मग मागे उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या गाड्या बघा. कॅलिफोर्नियाच्या नंबर प्लेटवर पिवळ्यावर काळी अक्षरं १९५६पासून, काळ्यावर पिवळी १९६३पासून. पण १९५१ची प्लेटही काळ्यावर पिवळीच होती, तेव्हा एकट्या प्लेटवर विसंबू नका. कृष्णधवल फोटोत तर फक्त गडद-फिकं कळतं.

ड्रॅग रेसिंगच्या पट्टीवर, म्हणजे स्ट्रिपवर, सुरुवातीच्या रेषेशी दिव्यांचा खांब, म्हणजे ‘ख्रिसमस ट्री’, असेल तर फोटो १९६३च्या आधीचा नाही. उलट मात्र खरं नाही: झेंडा घेतलेला माणूस दिसला म्हणून फोटो १९६३च्या आधीचा ठरत नाही, कारण लहान स्ट्रिपवर झेंडा नंतरही चालत होता. आणि कोरड्या तळ्यावर एकटी धावणारी गाडी ड्रॅग रेसिंगची नव्हे. कॅलिफोर्नियातल्या एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यावर गाडी एकटीच वेळेशी स्पर्धा करत धावते. ड्रॅगमध्ये सहसा दोघी शेजारी-शेजारी, थांबलेल्या अवस्थेतून, पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर.

आपल्याकडून हमखास होणारी एक गंमत: स्टिअरिंग डावीकडे दिसलं की ‘फोटो उलटा आलाय’ म्हणून आरशासारखा फिरवणं. अमेरिकन गाडीत ते डावीकडेच असतं! ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे खास ड्रॅगसाठी बनवलेल्या गाडीत, चालक मधोमध बसतो, म्हणून तिथे बॉडीवरची किंवा टायरवरची अक्षरं हाच पुरावा. स्लाइड खरोखर उलटी स्कॅन झाली का, हे उजेडात तिरपी धरून बघा. चकचकीत बाजू फिल्मच्या पायाची, किंचित मंद आणि उठावाची बाजू इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची. चकचकीत बाजूने बघितलं की चित्र सुलटं दिसतं.

स्कॅनिंगमधली सगळ्यात महाग चूक म्हणजे इन्फ्रारेडने धूळ काढणारी सोय सरसकट चालू ठेवणं. कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदी इन्फ्रारेड अडवते; सॉफ्टवेअर तिला धूळ समजतं आणि वर काहीतरी सारवून टाकतं. कोडॅकच्या कोडाक्रोम या रंगीत स्लाइड फिल्मचंही बरंचसं तसंच, आणि त्या काळातल्या कितीतरी चांगल्या स्लाइड कोडाक्रोमच्याच. परिणाम दिसतो तो बारीक तपशिलात: तारांच्या चाकातली एखादी तार मध्येच गायब, क्रोमच्या कडेला पुसट धब्बा. ती सोय बंद करा. रबरी ब्लोअरने धूळ उडवा, ४००० डीपीआयला १६ बिट टिफ घ्या (३५ मिमी स्लाइडची साधारण ५६७० × ३७८० पिक्सेलची फाइल होते), उरलेले ठिपके १०० टक्के आकारात बघून हाताने काढा. वेळ जातो, इलाज नाही.

कोडॅकचीच दुसरी स्लाइड फिल्म, जुनी एक्टाक्रोम, लाल पडलेली असते, कारण तिचा सायन (निळसर-हिरवा) रंग आधी उडतो. ऑटो कलरचं बटण दाबलं तर डांबर निळं होतं. लाल चॅनेल वेगळा घेऊन त्याचे कर्व्ह ठीक करा. एआयने रंग भरताना तर अधिकच जपा: कितीतरी हॉट रॉड राखाडी किंवा लालसर प्रायमरवरच (अस्तराच्या रंगावरच) धावत, त्यांना चकचकीत निळा रंग चढतो. एआयने मोठा केलेल्या फोटोत दारावरची अक्षरं वाचून नाव लिहू नका. ती सॉफ्टवेअरने रचलेली असू शकतात.

फोटो आणि स्लाइड ठेवायला पीव्हीसीची पाकिटं टाळा, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. फोटोच्या पाठीवर बॉलपेन नको, मऊ पेन्सिल चालते.

स्लाइडची पुठ्ठ्याची चौकट फेकू नका, तीही स्कॅन करा. तिच्यावरचा महिना-साल फिल्म धुतल्याचं असतं, फोटो काढल्याचं नाही; रोल कॅमेऱ्यात महिनोन्महिने पडून राहिलेला असू शकतो. म्हणजे वस्तूंवरून ‘याआधीचा नाही’ कळतं आणि शिक्क्यावरून ‘यानंतरचा नाही’. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियातल्या विल्मिंग्टनच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपचा फोटो आहे, त्यात ट्री दिसतंय, चौकटीवर मार्च १९६५ छापलंय, तर फाइलच्या नावात ‘लायन्स, १९६३ ते मार्च १९६५’ लिहा. शिक्काच नसेल तर शेवटची हद्द डिसेंबर १९७२. त्या महिन्यात ती स्ट्रिप बंद झाली.