ऑटिस्टिक मुलाला साध्या शाळेत घालताय? जूनच्या आधी एवढं करून ठेवा

मी शॅडो टीचर आहे, म्हणजे वर्गात मुलाच्या बाकाजवळ जी एक मोठी बाई बसलेली असते ना ती. त्यामुळे शाळेचं रडगाणं आणि घरचं रडगाणं, दोन्ही रोज कानावर पडतात. माझं मत आता पक्कं झालंय, ॲडमिशन कागदांवर मिळते पण मूल शाळेत टिकतं की नाही हे वर्गाच्या बाईंना पहिल्या आठवड्यात त्याच्याबद्दल काय माहितीये यावर ठरतं.

तरी कागदाचं आधी उरकून टाकू. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी. तिथे आयएसएए नावाची आपल्याकडचीच चाचणी घेतात, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम धरत नाहीत. आता होतं काय, आई-बाबा डॉक्टरसमोर पोराची बाजू सावरायला बघतात, "तसा हुशार आहे हो, सगळं समजतं त्याला" वगैरे. हे तिथे करू नका. त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी घरात काय होतं तेच सांगा, कारण ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लागलं तरच पुढच्या बऱ्याच सवलती आहेत. लहान मुलांना बहुतेकदा तात्पुरतं सर्टिफिकेट मिळतं, त्यावरची मुदत बघून ठेवा.

ते हातात असलं की आरटीईच्या (शिक्षण हक्क कायदा) खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांत वंचित गटातून अर्ज करता येतो. आणि शाळा म्हणाली "आमच्याकडे अशी मुलं घेत नाही", तर भांडू नका, शांतपणे म्हणा की हेच लेखी द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम १६ सरकारी मान्यता असलेल्या खासगी शाळांनाही लागू आहे, दिव्यांग म्हणून भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि गरजेप्रमाणे सोयीही करून द्यायच्या. लेखी म्हटलं की बऱ्याच ठिकाणी सूर बदलतो. "शॅडो टीचर तुमच्या खर्चाने आणा, तरच ॲडमिशन" ही अटसुद्धा गुपचूप मान्य करू नका (हे मी म्हणतेय, माझं पोट त्यावर चालतं तरी). चांगल्या शॅडोचं काम हळूहळू मागे सरकायचं असतं, दिवाळीनंतरही ती मुलाला चिकटून बसलेली असेल तर विचारा का ते.

आता मुख्य गोष्ट, एक पान. बाईंना थेरपीची जाडजूड फाईल देऊ नका, पटावर ५०-६० मुलं असलेली बाई ती कधी वाचणार? एकच पान, मोठ्या अक्षरात, आणि त्यात रोगाचं वर्णन नको, उद्या सकाळी उपयोगी पडेल असं लिहा. साधारण असं:

"घंटा, ढोलताशा, मिक्सर यांचा आवाज सहन होत नाही, कान दाबतो. हेडफोन दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहेत.
'पाणी हवंय का?' विचारलं की तोही 'पाणी हवंय का' असंच म्हणतो, त्याचा अर्थ हो.
डोळ्यात बघून बोल असं म्हणू नका, खाली बघूनही ऐकत असतो.
डब्यात पोळी आणि भाजी एकमेकांना लागली तर खात नाही.
हात झटकतो तेव्हा खूश असतो, अडवू नका. हात चावायला लागला तर गर्दीतून बाहेर न्या."

एवढंच. यातली दुसरी ओळ नसेल तर ते पोर आपल्याला चिडवतंय असं बाईंना वाटतं आणि तहानलेलं मूल दुपारपर्यंत तसंच बसतं.

मे महिन्यात शाळेच्या ऑफिसात विनंती करून रिकामी शाळा दाखवून आणा. वर्ग तर दाखवाच पण त्याहून जास्त टॉयलेट, पाण्याचे नळ, जिना, व्हॅन थांबते ती जागा. मोबाईलवर फोटो काढा, प्रिंट करा, पुठ्ठ्याच्या पट्टीवर क्रमाने वेल्क्रोने लावा: प्रार्थना, हजेरी, तास, डबा, पीटी, घर. एक झालं की ते चित्र मुलाने स्वतः काढून पाकिटात टाकायचं. नेटवरच्या कार्टूनपेक्षा स्वतःच्या शाळेचे फोटो कितीतरी चांगले चालतात. वेळापत्रक बदलणार असेल, बाई रजेवर असतील, गॅदरिंगची प्रॅक्टिस असेल तर आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका, एवढं बाईंकडे मागून घ्याच.

आणि हो, मधली सुट्टी. सगळे गणिताची काळजी करत बसतात, पण तासाला निदान काय चाललंय ते ठरलेलं असतं, मधल्या सुट्टीत आरडाओरडा, धक्काबुक्की, नियम कुठलाच नाही. शाळेला विचारून एक कोपरा ठरवून घ्या, लायब्ररी, चित्रकलेची खोली काहीही, आणि सोबत एकदोन मुलं ज्यांना खरंच त्याच्याबरोबर बसायला आवडतं. मॉनिटरवर ड्युटी म्हणून टाकू नका, चार दिवसांत कंटाळतो.

बाईंसाठी दोन शब्द. सूचना एका वेळी एकच द्या, "वही काढा, तारीख घाला, धडा उघडा आणि गप्प बसा" यातलं त्याच्यापर्यंत शेवटचं तेवढं पोचतं. "गडबड केलीस तर बाहेर उभं करीन" म्हणालात तर तो आपणहून बाहेर जाऊन उभा राहील, उद्धटपणा नाही तो, त्याने ऐकलं तसंच केलं. मेल्टडाऊन झाला, म्हणजे आवाज-गर्दी असह्य होऊन मुलाचा ताबाच सुटला, की समजूत घालू नका, कमी बोला, बाकीच्या मुलांना लांब करा, थांबा. हट्टाला काहीतरी हवं असतं, मेल्टडाऊनमध्ये मुलाला फक्त सगळं थांबायला हवं असतं. सरकारी किंवा झेडपीची शाळा असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक गट साधन केंद्रात असतात, मुख्याध्यापकांमार्फत त्यांना बोलवा.

घरच्यांना भरपूर सल्ले मिळतात, त्यातला एक आधी टाकून द्या, "घरी फक्त इंग्रजीच बोला". दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि आजीला इंग्रजी येत नसेल तर त्या पोराशी बोलणारं एक माणूस उगाच कमी होतं. "याचा बापपण उशिराच बोलला" म्हणणाऱ्या आजी-आजोबांना एकदा थेरपीला घेऊन जा, घरी वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडतं. पैशाचं म्हणाल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. इन्कम टॅक्समध्ये घरातल्या दिव्यांगाच्या खर्चासाठी (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी) ७५,००० ची वजावट आहे, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००, पण जुनी टॅक्स पद्धत निवडली तरच, हे सीएला आधी सांगा.

दहावीचं टेन्शन पहिलीतच घेऊ नका. राज्य मंडळात जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्या शाळेमार्फत मागाव्या लागतात, तेव्हा नववीतच अर्ज आणि सर्टिफिकेटची मुदत दोन्ही तपासा. नेहमीचे विषय झेपतच नसतील तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळ आहे, विषय निवडता येतात आणि एकेक करूनही पास होता येतं.