बुद्धिबळपटूचं डोकं प्रोग्रॅममध्ये उतरवायचंय? मग हे आधी वाचा

एमटेकच्या प्रकल्पासाठी ‘माणसासारखा विचार करणारा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम’ हा विषय घ्यायचाय, असं ज्युनियर मुलं अधूनमधून सांगतात. मी एवढंच विचारतो: जिंकणारा हवाय की विचार करणारा? जिंकणारा हवा असेल तर स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं तगडं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. 1997 मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा कॉम्प्युटर सेकंदाला पटावरच्या सुमारे 20 कोटी स्थिती तपासायचा. माणूस तेवढ्या जन्मभरात पाहत नाही, तरी खेळतो. तो कसा खेळतो, हा आपला विषय.

वाचनाची सुरुवात डी ग्रूटपासून करा. हा डच मानसशास्त्रज्ञ. त्याने अलेखिन, केरेस, यूवे अशा दिग्गजांपुढे पट मांडला आणि चाल शोधताना मोठ्याने बोलायला लावलं. 1946 च्या त्याच्या प्रबंधातला निष्कर्ष आजही चक्रावून टाकतो: ग्रँडमास्टर चांगल्या क्लब खेळाडूपेक्षा फार खोल पाहतात असं नाही. त्यांना नेमकी चाल लवकर दिसते. पुढे 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी दाखवलं की खऱ्या डावातली स्थिती मास्टर पाच सेकंदांत बरीचशी लक्षात ठेवतो. सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या की त्याची ही आघाडी जवळपास संपते.

मग मीही खेळाडूंना बोलतं केलं. इथला एक धडा पक्का: डाव संपल्यावर ‘ही चाल का खेळलात?’ असं विचारू नका. छान, सुसंगत, पण नंतर रचलेलं उत्तर मिळतं. विचार चालू असतानाच रेकॉर्ड करा आणि मध्ये तोंड घालू नका. एक काका पटाकडे बघून पुटपुटले, ‘या घोड्यावर सगळं टांगलंय.’ घोडा काळ्याचा, एफ ६ या घरावर. पांढऱ्याचा वजीर आणि उंट एच ७ वर रोखलेले. काळ्याचा राजा सोडला तर त्या घराला राखणारा तोच एक. काकांचं वाक्य प्रोग्रॅमला सांगायचं तर तुकडे करावे लागतात: कोणत्या घरावर मारे जास्त, राखणदार कोण, त्याला हुसकावणारी किंवा मारणारी चाल कोणती, आणि तसं झाल्यावर प्रतिस्पर्ध्याला मधल्या वेळात काय करता येतं. शेवटचा तुकडा सगळ्यात त्रासदायक. तो खेळाडू बोलून दाखवत नाहीत, गृहीत धरतात. 1980 च्या सुमारास विल्किन्सचा पॅराडाइज हा प्रोग्रॅम नेमकं हेच करायचा: नियमांतून डावपेच सुचवायचा आणि तेवढ्याच फांद्या तपासायचा. तो संथ होता, पण त्याचं सर्च-झाड (तपासलेल्या चाली-प्रतिचालींचा आराखडा) डोळ्यांनी वाचता यायचं. माझ्या मते असल्या कामाचा कस रेटिंगवर नव्हे, ह्यावर लागतो.

पहिल्याच महिन्यात मधल्या डावाला हात घालू नका, असं आपलं माझं मत. एकटा राजा विरुद्ध राजा-हत्ती घ्या. ब्रात्कोने प्रोलॉग या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पुस्तकात डावाचा हा अखेरचा टप्पा उतरत्या क्रमाच्या सल्ल्यांतून सोडवलाय: दोन चालींत मात होते का बघ, नाही तर हत्तीने समोरच्या राजाची जागा आवळ, तेही जमत नसेल तर आपला राजा जवळ आण, नाहीच तर निदान समोरच्या राजाची मोकळीक वाढू देऊ नकोस. हत्ती फुकट जाऊ नये आणि स्टेलमेट (शह नाही, पण खेळायला चालही नाही, म्हणून बरोबरी) होऊ नये, या अटी आहेतच. हे सल्ले क्लबातल्या शिक्षकाला वाचून दाखवले तर तो मान हलवेल, आणि कॉम्प्युटरही त्यावरच खेळेल. सल्ल्यांचा क्रम मुद्दाम बदलून पाहा. राजा जवळ आणण्याचा सल्ला आवळण्याच्या आधी टाकला की प्रोग्रॅम कुठे रेंगाळतो ते लगेच कळतं.

गाइड हमखास विचारतील, ‘आता हे सगळं न्यूरल नेटवर्कने होतं ना?’ काही अंशी होतं. 2020 चं माइआ हे नेटवर्क लायचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या माणसांच्या डावांवर शिकलेलं आहे आणि 1100 किंवा 1900 रेटिंगचा खेळाडू काय खेळेल याचा अंदाज स्टॉकफिशपेक्षा चांगला बांधतं. पण चाल का सुचली, हे ते सांगत नाही. तुमच्या प्रबंधात माइआची चाल आणि तुमच्या नियमांची चाल शेजारी ठेवा. जिथे दोन्ही वेगळ्या निघतात, त्या स्थिती एखाद्या खेळाडूपुढे मांडा आणि रेकॉर्डर चालू करा.