मिनी ट्रॅक्टरचं कूलंट बदलताय? मग या चुका टाळा

चिखलणीची गडबड सुरू व्हायच्या आधी शहापूर, मुरबाड, भिवंडीकडे जो तो ट्रॅक्टरचं ऑइल बघतो, फिल्टर बघतो, पण रेडिएटरचं झाकण उघडून आत पाणी दिसलं की तो विषय तिथेच संपतो, आणि मग भर पावसात खाचरात रोटाव्हेटर लावल्यावर काटा लाल पट्ट्यात गेला की फोनाफोनी. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" हे तर ठरलेलं वाक्य. अहो, बर्फाचा इथे संबंधच नाही. कूलंट म्हणजे अर्धं ग्लायकॉल नावाचं रसायन आणि अर्धं पाणी, हे मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि त्यात गंज धरू न देणारी रसायनं असतात, आपल्याला खरी गरज त्यांची. ती हळूहळू खर्च होतात, म्हणून रंग छान हिरवागार असला तरी ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले तास किंवा वर्षं भरली की बदलायचं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. रेडिएटरच्या खालचा कॉक उघडला, धार थांबली, म्हणजे सगळं निघालं असं समजून कॉक बंद करायचा. पण इंजिनच्या ब्लॉकमधलं तसंच राहतं! बहुतेक इंजिनांना ब्लॉकच्या बाजूला वेगळा ड्रेन बोल्ट असतो, तो मातीत आणि ऑइलच्या थरात असा लपलेला असतो की पुस्तकातलं चित्र बघूनच सापडतो. कधी कधी बोल्ट काढला तरी एक थेंब येत नाही. याचा अर्थ आत काही नाही असं नाही, भोकापाशी गाळ बसलेला असतो, बारीक तार घालून जरा हलवा, आधी चॉकलेटी चिखलासारखं काहीतरी येईल आणि मग एकदम धार लागेल, तोंड बाजूला ठेवा. बोल्ट परत लावताना वॉशर नवा.

किती निघालं ते बादलीत मोजा. समजा पुस्तकात ४ लिटर लिहिलंय आणि तुमचं निघालं अडीचच, म्हणजे दीड लिटर आतच आहे. तसंच फ्लश केलं, म्हणजे साध्या पाण्याने धुतलं, तर आत दीड लिटर साधं पाणी राहणार, वरून अडीच लिटर रेडिमिक्स (आधीच अर्धं पाणी मिसळलेलं कूलंट) ओतलं तर त्यात ग्लायकॉल सव्वा लिटर, म्हणजे एकूण ३१ टक्क्यांच्या आसपास. पैसे पूर्ण ५० टक्केवाल्या कूलंटचे गेले आणि इंजिनात पातळ पाणी. ह्यात भर म्हणजे काहीजण रेडिमिक्समध्येच वर अर्धं पाणी घालतात. डब्यावर कॉन्सन्ट्रेट (पाणी मिसळायचं असतं) लिहिलंय की रेडी टू यूज (तसंच ओतायचं), एवढं तरी वाचा राव.

फ्लश करताना घाई नडते. साधं पाणी भरलं, दोन मिनिटं इंजिन चालवलं, सोडून दिलं, ह्याने काहीच धुतलं जात नाही, कारण थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडणारी झडप) उघडेपर्यंत पाणी रेडिएटरमधून फिरतच नाही. रिकामं चालवताना छोटं डिझेल इंजिन लवकर तापत नाही, म्हणून रेडिएटरसमोर थोडा वेळ पुठ्ठा धरा आणि काट्यावर लक्ष ठेवा, वरचा होज पाइप गरम झाला की पुठ्ठा काढा आणि अजून थोडं चालू द्या. मग बंद करून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना झाकण उघडलं तर वाफेचा फवारा थेट अंगावर येतो आणि तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच परत परत. टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड टाकून खार काढायचा उद्योग मात्र नको, अ‍ॅल्युमिनियमचे भाग खाल्ले जातात.

पाणी कुठलं? खाडीलगतच्या बोअरचं पाणी मचूळ असतं, ते तर अजिबात नाही. आरओचं वेस्ट पाणी पण नाही, त्यात क्षार उलट वाढलेले असतात. नवी मुंबईत एसीचं पाणी बाटलीत धरून वापरणारे पण आहेत, त्यात क्षार कमी हे खरं, पण कॉइलवरची धूळ आणि बुळबुळीत घाण त्याच्यासोबत येते. बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटर मिळतं, खर्च फार नाही, निदान शेवटचं धुणं आणि मिश्रण तरी त्याचंच करा.

हिरव्यात लाल ओतायचं का? नको. रंग कंपनीगणिक बदलतो, त्यावरून आतलं रसायन कळत नाही, आणि चुकीची जोडी जमली तर गाळ होतो.

भरताना हळूहळू ओता, नाहीतर आत हवा अडकते. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, होज हाताने दाबा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, परत भरा. थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी एकदम उतरते, ती भरून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतली पातळी बघा आणि होजच्या क्लिपा एकदा आवळा.

एवढं करूनही तापतोय? तर लगेच कूलंटला दोष देऊ नका. आधी रेडिएटरच्या जाळीत भाताचा भुसा अडकलाय का बघा, हवा इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, वॉशिंग सेंटरचा प्रेशर जवळून मारला तर जाळीचे पातळ पत्रे वाकून झोपतात. मग फॅन बेल्टचा ताण आणि झाकणाचं रबर. "थर्मोस्टॅट काढून टाका, तापायची कटकटच नाही" असं सांगणारे मेकॅनिक दादा भेटतीलच, ऐकू नका, इंजिन कायम गार चालतं, डिझेल जास्त लागतं आणि घासही वाढते. पण ऑइलच्या पट्टीवर दुधी फेस दिसला किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असले तर हेड पॅकिंग (ब्लॉक आणि हेडच्या मधलं गॅस्केट) गेल्याचा संशय घ्या आणि ट्रॅक्टर तिथेच थांबवा.

निघालेलं जुनं कूलंट गटारात किंवा बांधावर नको. चव गोड असते, कुत्रं, वासरू चाटतं, आणि ते विष आहे. झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजवाल्याला विचारा, तो हेही घेतो का.