लूमच्या खटखटीतसुद्धा कामात लक्ष कसं टिकवायचं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते. भिंतीपलीकडे दिवसभर लूम चालू, पण खरं सांगते, त्या खटखटीची सवय आठवड्यात होते. त्रास होतो तो बोलण्याचा. शेजारच्या टेबलावर कुणी "साडेतीनशे पीस गेले की ओ" म्हटलं की माझ्या डोक्यातला आकडा गेलाच, कारण कळणारे शब्द ऐकायचे नाही म्हटलं तरी कानात शिरतात.

म्हणून आधी दोन दिवस कागदावर नुसतं टिपा, किती वाजता लक्ष तुटलं आणि कशानं. माझ्या कागदावर फोन आणि "अण्णा बोलावतायत" (अण्णा म्हणजे आमचे मालक) हेच सारखं निघालं.

मग अवघड कामाला वेळ ठरवा. आमच्याकडे साडेदहानंतर ट्रान्सपोर्टवाले, दलाल यायला लागतात, म्हणून २० तारखेच्या आत ३बी, म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न, भरायचा असतो तेव्हा बिलं जुळवायचं काम मी ९ ते साडेदहातच उरकते. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली डोकं चालतच नाही, तेव्हा फायली लावणं, फोन करणं.

मोबाईल सायलेंट करून ड्रॉवरमध्ये टाका, टेबलावर पालथा ठेवून काही होत नाही, हात जातोच. घरच्यांकडे ऑफिसचा लँडलाईन नंबर देऊन ठेवा, म्हणजे जिवाला घोर नाही.

टायमर लावा. इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिलोनं १९८०च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर २५ मिनिटांची पद्धत काढली, ती पोमोडोरो. मला २५ पुरत नाहीत, लेजरमध्ये शिरायलाच दहा जातात, मी ४५ लावते.

आता सगळ्यात कामाचं. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली दाखवलं की काम अर्धवट सोडून दुसरं धरलं की मन थोडं मागच्यातच अडकून राहतं. त्यामुळं कुणी हाक मारली तर लगेच उठू नका, "आलेच" म्हणा आणि कुठं थांबलात ते लिहा. माझी कालची चिठ्ठी: "बिल ४१२, सूत, जीएसटी ५ टक्केच धरलाय का बघ, क्रेडिट नोट राहिली." परत आल्यावर पहिल्यापासून शोधाशोध नाही.

आणि मालकांशी स्पष्ट बोला. मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, साडेदहापर्यंत मला हाक नका मारू, चूक झाली तर दंड आपल्यालाच बसतो." त्यांनी ऐकलं. आता गेटवर ट्रक अडला तरच बोलावतात.